वहिनीचा डोळा

४ सप्टेंबर

चि. भाऊजींना अनेक आशीर्वाद.

तुमचं यंत्र सुखरूप पोचलं. बसवाल्या मामांनी ते टपावर टाकलं नाही, आपल्या सीटमागे दोन उशांमध्ये बसवून आणलं. घाटात दर वळणावर मागे बघत होते म्हणे. मी म्हटलं, "मामा, समोर बघा की, यंत्र कुठे पळून जातंय?" तर म्हणाले, "पोरगी सासरी पाठवावी तसं पाठवलंय त्याने. जबाबदारी आहे." हे पत्रही त्यांच्याच हाती देतेय. आमच्या डिझेल डेपोतला फोन साहेबांच्या टेबलावर, आणि साहेबांचे कान फोनला चिकटलेले. पत्र बरं.

लॅबमध्ये सगळे यंत्राभोवती जमले. साहेब म्हणाले, "बाई, आता बरणीत डोळे घालून बसायला नको." इतकी वर्षं मी दुसरं काय केलं? डिझेलची बरणी गार भांड्यात उतरवायची, एकेक अंश उतरला की वर काढायची, खिडकीकडे धरायची, आणि तळाशी पहिलं धूसर दिसलं की आकडा लिहायचा. थंडी त्या आकड्याखाली गेली की डिझेलमधलं मेण गोठायला लागतं, फिल्टर तुंबतो, गाडी जागच्या जागी उभी. वरच्या गावांना पाठवायचं डिझेल उणे दहापर्यंत नितळ राहायला हवं. तुमचं यंत्र तेच दिव्याच्या झोताने बघतं. उजेड आरपार गेला तर नितळ, अडला तर गढूळ. म्हणजे माझ्या डोळ्यांना सवतच आणलीत, भाऊजी.

पण सवत घाबरट निघाली. एकाच नमुन्याला ती उणे सहाला गढूळ म्हणते, मी उणे अकराला. बरेच नमुने झाले, तीच रड. साहेब म्हणाले, "बाईंच्या डोळ्याकडून शिकवा तिला." सगळे हसले. मीही हसले.

आणि जरा गडद शाईने, मोठं अक्षर काढून लिहीत जा. तुमचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग झालीय.

तुमची वहिनी


११ सप्टेंबर

ती. वहिनीस साष्टांग नमस्कार.

घे, मोठ्या अक्षरात लिहितोय. पण तू मला नावं ठेवू नकोस. तुझ्याच ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात, मला दोनदा वाचावं लागलं.

उणे सहा आणि उणे अकरा! मालकांनी या यंत्रावर सगळा वर्कशॉप पणाला लावलाय. तुमच्या डेपोने पसंतीचा दाखला दिला की आणखी आठ थंड गावांच्या डेपोंची ऑर्डर नक्की. नाही दिला, तर मला दुसरीकडे काम शोधावं लागेल, आणि मालक ते काम लागू देणार नाहीत.

तुझा डोळा चुकेल हे मात्र मला पटत नाही. दादा गेल्यावर तू मला शिकवलंस, माझ्या शर्टाची बटणं लावताना एका झटक्यात सुईत दोरा ओवायचीस, तुझ्यासमोर कुणाची खोटी सही चालायची नाही. चूक माझ्याच पोराची असणार. वर हवा दमट, बरणीला बाहेरून दव धरत असेल, आणि सेन्सर दवालाच मेण समजत असेल. महिनाअखेरीस येतो. सेन्सरच्या बाजूला एक छोटा स्क्रू आहे, तो फिरवला की त्याचा भित्रेपणा कमी होतो. तोवर कुणाला हात लावू देऊ नकोस.

तुझा भाऊजी


९ ऑक्टोबर

चि. भाऊजी,

तुमचं मागचं पत्र मामांनी वाचून दाखवलं होतं, चष्मा सापडत नव्हता. ते सांगायचं राहिलंच.

तुम्ही येऊन गेल्यापासून यंत्र अगदी सुनेसारखं वागतंय. पाव फेरा काय फिरवलात, मी अकरा म्हटलं की तेही अकरा म्हणतं. साहेबांनी दाखल्यावर सही केली. डेपोभर तुमचं कौतुक झालं. मामांची बायको, आपली मामी, मागच्या आळीत शिवणकाम करते ती, मुद्दाम येऊन म्हणाली, "दिराने नाव काढलं हो."

निघताना तुम्ही विचारलंत, चहा कपाबाहेर का ओतलास. बोलण्याच्या नादात, दुसरं काय. आणि ओळी चढतात त्या थंडीने, बोटं वळत नाहीत.

एक विचारू? त्या दिवशी तुम्ही बरणी फडक्याने पुसून कोरडी करून पुन्हा लावली होतीत. पुसल्यावर यंत्र काय म्हणालं ते मला सांगितलंच नाहीत. काय म्हणालं होतं?

वहिनी


२० ऑक्टोबर

वहिनी, वहिनी, वहिनी!

ऑर्डर मिळाली. आठही. मालकांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली, ती अजून दुखतेय. यंत्रं परवाच गावोगाव रवाना झाली.

तू पुसलेल्या बरणीचं विचारलंस. पुसल्यावरही ते सहाच म्हणत होतं. पण मग मी तुझ्याकडे बघितलं, तू बरणी खिडकीशी धरून शांतपणे म्हणालीस, "अजून नितळ आहे." म्हटलं, संपलं. वीस वर्षांच्या डोळ्यापुढे माझ्या चार तारा काय! स्क्रू फिरवला आणि मोकळा झालो.

आता ऐक, गंमत. आठही यंत्रांचे स्क्रू मी तुझ्याच आकड्यावर लावून पाठवलेत. म्हणजे आठ गावांत आता तुझा डोळा बसलाय. दादा असता तर पेढे... जाऊ दे, डोळे भरून येतात.

तुझा


२६ ऑक्टोबर

भाऊजी,

बसून वाचा.

माझा डावा डोळा गेल्या हिवाळ्यातच गेला. उजव्याने दिसतं ते ओल्या काचेतून बघितल्यासारखं. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. बरणी खिडकीशी धरली की मला पहिल्यापासून सगळंच धुरकट असतं. मग खरं धूसर कोणतं आणि माझं कोणतं, याची खात्री होईस्तोवर मी थांबते. थांबता थांबता अकरा होतात.

यंत्र बरोबर होतं.

कुणाला बोलले नाही. काम गेलं की क्वार्टर जातं, क्वार्टर गेलं की मी कुठे जायचं, तुमच्या एका खोलीत? आणि खरं सांगायचं तर, वीस वर्षं "बाईंचा डोळा, बाईंचा डोळा" ऐकलं की माणसाला ते सोडवत नाही. वाटलं होतं, यंत्र आलं की माझं बघणंच संपेल आणि कुणाला कळायच्या आत मी सुटेन. यंत्र सोडून तुम्ही माझंच खरं मानाल, हे कुठे माहीत होतं? पुसलेल्या बरणीपाशी बोलायला हवं होतं. तुमचं आठ गावांचं वाचलं आणि अन्न गोड लागेना.

हिवाळ्याचा नवा माल आलाय, टाक्या भरल्यात. तो अकराचा म्हणून मीच पास केला. तो सहाचाच असणार. साहेबांना सांगू ना? लगेच कळवा.

वहिनी


२ नोव्हेंबर

वहिनी,

तुझं पत्र एकोणतीस तारखेला हातात पडलं. तेव्हापासून धड झोप नाही. तुझ्यावर रागावलोय असं समजू नकोस. रागावलोय, पण ते नंतर.

साहेबांना सांगू नकोस. आत्ता तरी नाही. तू सांगितलंस की दुसऱ्या दिवशी मालकांना कळणार, आठही यंत्रं परत येणार, आणि पुसलेल्या बरणीचं मीच सगळ्यांना रंगवून सांगितलंय, "यंत्रापेक्षा माझी वहिनी" म्हणून! मला उभं जाळतील.

माझं ऐक. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी देखभालीच्या फेरीवर निघतोय, नऊही डेपो. एकेक स्क्रू गुपचूप मागे फिरवतो. कुणाला पत्ता लागणार नाही. वर खरी थंडी डिसेंबरच्या मध्याशिवाय कधी पडलीय? सहाच्या मालाने तोवर काही बिघडत नाही. नवा माल तेवढा मान्य करू नकोस, काहीतरी कारण काढ.

आणि डेपोच्या दवाखान्यात डोळे दाखवू नकोस, तिथे सगळ्याचा कागद होतो. महिनाभर कळ काढ. फेरीहून परतताना तुला इकडच्या डॉक्टरकडे आणतो.

विश्वास ठेव माझ्यावर.

भाऊजी


१९ नोव्हेंबर

भाऊजी,

मामा गेले.

चौदा तारखेला. आदल्या संध्याकाळी वारा फिरला आणि पारा कधी नव्हे इतका उतरला. सकाळची पहिली बस घाटमाथ्याच्या खाली बंद पडली. वरून बर्फ सुरू झालं. मामांनी बऱ्याचदा सुरू करून बघितली, फिल्टर काढून आपल्या अंगातल्या गंजीने पुसला, पुन्हा लावला. आत पांढरं, साबणासारखं भरलं होतं म्हणतात. मग आपला कोट एका म्हाताऱ्या बाईच्या अंगावर घातला आणि मदत आणायला खाली चालत निघाले. दुपारी रस्त्याच्या कडेला सापडले, दगडाला टेकून बसलेले. बसमधले एक आजोबा आणि दवाखान्यातली एक नर्स, तेही गेले. ती म्हातारी वाचली.

आता पुढचं ऐका. चौकशीचे लोक म्हणतात, डेपोच्या कागदावर माल उणे अकराचा आहे, बाईंनी डोळ्याने बघितलाय, यंत्राने बघितलाय, दोघांचं जुळतंय. म्हणजे बसमधलं डिझेल डेपोचं नव्हतंच. मामांनी चांगलं विकलं आणि हलकं भरलं. बस कंपनीचा एक माणूस मामांना पोचवायला आला नाही. आळीतल्या बायका मामीकडे शिवायला टाकलेले कपडे परत घेऊन जातायत, अर्धे शिवलेलेसुद्धा.

तुमचं मागचं पत्र मी मामांना वाचायला दिलं नव्हतं. कसं देणार? उन्हात बसून, भिंग घेऊन, एकेक शब्द लावत दुपार घालवली. ते मामांनी वाचलं असतं, तर त्या बसमध्ये ते डिझेल त्यांनी भरलं नसतं. हे मी रोज स्वतःला सांगते.

चौकशीवाले महिना संपताना पुन्हा येणार आहेत. मी जाऊन सगळं सांगणार. तुम्ही आजच्या आज आठ गावांना कळवा. तुम्हीही हेच म्हणाल हे ठाऊक आहे. तरी एक ओळ लिहा, धीर येईल.

वहिनी


२५ नोव्हेंबर

वहिनी,

एक ओळ मागितलीस, पण एका ओळीत मावणार नाही. शांत डोक्याने वाच.

मामांचं ऐकून मी दिवसभर एका जागी बसून होतो. चांगला माणूस गेला. पण आता तू चौकशीत गेलीस तर मामा परत येणार आहेत का? तुझं काम जाईल, क्वार्टर जाईल, तुझ्यावर तीन जिवांचा ठपका येईल. तुला आत टाकतील, वहिनी. आंधळ्या बाईला. आणि पाठोपाठ मला.

मामांचं नाव खराब झालं, कबूल. पण मेलेल्या माणसाला बदनामीने थंडी वाजत नाही. आपण दोघं जिवंत आहोत. लोक चार महिने बोलतील आणि विसरतील. मामीचं मी बघतो. तिला नवीन शिलाई मशीन घेऊन देतो, दर महिन्याला काही पाठवतो, तुझ्या हातून दे, माझं नाव सांगू नकोस. ती बिचारी साधी बाई, तिला यातलं काय कळणार?

आठ गावांचं फेरीत करतोच. फेरीच्या आधी कळवलं तर विचारतील, तुला कसं कळलं. तेव्हा थोडं थांब.

दादाची शपथ आहे तुला, गप्प राहा. वाचून झालं की पत्र चुलीत घाल.

भाऊजी


६ डिसेंबर

मी बसवाल्या मामांची बायको. तुमच्या वहिनींना आता कागदावरचं काही दिसत नाही, म्हणून मी लिहितेय. काही त्या सांगतात ते, काही माझं.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी त्यांच्याकडेच बसले होते. हे गेल्यापासून आळीत तेवढं एकच दार मला उघडं होतं. पोस्टमनने पाकीट दिलं. तुमच्या वहिनी ते चाचपून हसल्या, कितीतरी दिवसांनी. म्हणाल्या, "आमच्या भाऊजींचं आहे. वाच गं, तुझ्याच कामाचं असेल. तुझ्या माणसाचं नाव स्वच्छ करायचा मार्ग लिहिला असेल त्यांनी." आणि माझ्याकडे दिलं.

मी वाचत गेले. मला आधी समजलंच नाही. डिझेल, चौकशी, ठपका. मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी हात पुढे केला होता, पत्र परत घ्यायला, पण हात भलतीकडेच गेला. मी थांबले नाही. बदनामीने थंडी वाजत नाही, हे वाचलं. शिलाई मशीनचं वाचलं. साधी बाई वाचलं. शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली, आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी मग सगळं सांगितलं. डोळ्यांचं, बरणीचं, तुमच्या दोन तारखेच्या पत्राचं. रडल्या नाहीत. मी म्हटलं, "म्हणजे माझा माणूस घाटात मरायच्या आधी तुम्हाला दोघांना माहीत होतं." त्या म्हणाल्या, "हो."

मी उठून घरी गेले. दोन दिवस त्यांच्याकडे फिरकले नाही. चौकशीच्या दिवशी सकाळी खिडकीतून बघितलं तर त्या एकट्याच निघाल्या होत्या, भिंतीला हात लावत लावत. कोपऱ्यावर गटाराचं झाकण उघडं होतं. मी गेले आणि त्यांचा हात धरला. माफी म्हणून नाही. त्यांना पायऱ्या दिसत नव्हत्या म्हणून.

तिथे त्या उभ्यानेच बोलल्या. एकाने खुर्ची दिली, बसल्या नाहीत. साहेबांना खरं वाटेना. त्यांनी एक बरणी पुढे धरून विचारलं, "बाई, यात काय आहे?" वहिनी म्हणाल्या, "साहेब, बरणी कुठे आहे?" साहेबांनी बरणी खाली ठेवली.

त्यांनी टाकीतला नमुना काढून बाहेरच्या लॅबला पाठवला. तो उणे सहालाच गढुळला. ह्यांच्यावरचा आळ काढला आहे. कंपनीचा माणूस कागद घेऊन आला, मी दारातूनच घेतला.

वहिनींना कामावरून काढलंय. क्वार्टर महिन्याभरात सोडायचंय. खटल्याचं अजून काही ठरलेलं नाही. मी त्यांना डेपोच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही, महिनाभर आधी आणलं असतं तर उजव्या डोळ्यात थोडं राखता आलं असतं. वहिनी म्हणतात हे लिहू नकोस. मी लिहितेय.

आता त्यांचं. त्या म्हणतात: "चौकशीत मी माझं सांगितलं. यंत्राचा स्क्रू माझ्या सांगण्यावरून फिरवला, हे सांगितलं. मी तुम्हाला ऑक्टोबरात कळवलं होतं, हे सांगितलं नाही. ते तुमचं आहे, तुम्ही सांगायचं. आणि आधी आठ गावांना जा. फेरीची वाट बघू नका. बर्फ पडायला लागलंय, भाऊजी."

त्या म्हणतात तुम्ही जाल. मला माहीत नाही.

तुमचं पत्र चुलीत घातलेलं नाही. मी चौकशीतही दिलं नाही. मशीन पाठवू नका.


२३ डिसेंबर

मामी,

हे पत्र तुम्हीच वहिनीला वाचून दाखवाल, म्हणून तुम्हालाच लिहितोय. माझ्याबद्दल वाईट लिहिलंय तिथे आवाज खाली आणू नका. सगळं वाचा.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी मालकांकडे गेलो आणि सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "तू काही बोललेला नाहीस आणि मी काही ऐकलेलं नाही. फेरी ठरलेल्या दिवशीच निघेल." मी म्हटलं, आज निघतो. त्यांनी गाडीची किल्ली दिली नाही आणि वर्कशॉपची काढून घेतली. मी पेचकस खिशात घालून मिळेल त्या बसने निघालो.

सात गावं झाली. कुठे रात्रभर स्टँडवर बसलो, कुठे बर्फाने रस्ता बंद म्हणून चालत गेलो. प्रत्येक ठिकाणी डेपोच्या साहेबांसमोर स्क्रू मागे फिरवला, तोच नमुना पुन्हा लावून दाखवला, आणि टाकीतला माल थांबवायला लावला. दोन ठिकाणी शिव्या खाल्ल्या. चौथ्या गावात दवाखान्याचा जनरेटर आदल्या दिवशी बंद पडला होता. तिथे काय झालं ते मी विचारलं. मला सांगितलं. मी ते इथे लिहू शकत नाही, वहिनीला समोरासमोर सांगेन, तिने भेटू दिलं तर.

आठव्या गावात आज सकाळी पोचलो. इथल्या अधिकाऱ्याने मला यंत्राला हातच लावू दिला नाही. म्हणाला, "वर्कशॉपमधून फोन आलाय, तुम्हाला काढून टाकलंय. तुम्ही कोण?" मी फाटकाबाहेर उभा राहिलो. दुपारी तोच बाहेर आला, आत घेऊन गेला. थंडी बघून आला असेल. त्याच्या देखत स्क्रू फिरवला. नमुना उणे सहाला गढुळला. मग त्याने टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला माणूस पाठवला आणि मला समोर बसवलं.

म्हणाला, "हे मला वर कळवावं लागेल. जबाब लिहून घेतो. यंत्र आधी बरोबर होतं आणि तुम्ही ते बिघडवलं, हे तुम्हाला कधी समजलं?"

मी म्हटलं, "एकोणतीस ऑक्टोबर."

त्याने लिहिलं. वर बघितलं. "आणि ती बस?"

"चौदा नोव्हेंबर," मी सांगितलं.

तेही त्याने लिहिलं, आणि कागद माझ्याकडे फिरवला. मी सही केली.